चाचांचे तास

चाचा सकाळी गच्चीवर आले की आधी यंत्राकडे बघत नसत. ते कठड्यापाशी जात, कपाळावर आडवा हात धरून वायव्येकडे बघत आणि मग माझ्याकडे वळून सांगत, "जोशीसाब, किल्ला आला." किंवा नुसती मान हलवून म्हणत, "गेला आज किल्ला." देवगिरीचा किल्ला इतक्या शतकांत जागचा हललेला नाही, पण चाचांच्या लेखी तो येणारा-जाणारा पाहुणा होता. पाऊस पडून गेल्यावरच्या सकाळी तो इतका जवळ यायचा की हात लांब करून त्याच्या माथ्याला शिवावे. उन्हाळा लागला की आधी निळसर व्हायचा, मग राखेसारखा, मग साखर विरघळावी तसा आभाळात विरून जायचा. "आपलं यंत्र महिन्यानं सांगतं, किल्ला आत्ताच सांगतो," असे ते म्हणत.

चाचा आता नाहीत. मला मात्र अजून कधी कधी पहाटे, डोळे उघडायच्या आधी, त्या यंत्राची घरघर ऐकू येते. वाटते, आपण गच्चीवरच आहोत, खाली लष्करी छावणीतल्या शाळेचे पटांगण धुळीच्या दुलईखाली झोपले आहे आणि कुणीतरी कठड्यापाशी पाठमोरे उभे आहे. ते वळून काय सांगणार, आला की गेला, ते कळायच्या आत जाग येते.

आमचे शहर तेव्हा औरंगाबाद होते आणि सगळ्या बाजूंनी वाढत होते. दुष्काळाची ती लागोपाठची वर्षे. मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. सरकारी कार्यालयासाठी शहराची हवा मोजून देण्याचे काम आमच्याकडे होते आणि त्यासाठीचे एक यंत्र छावणीतल्या त्या शाळेच्या गच्चीवर बसवले होते. आठवड्यातून दोन दिवस ते चोवीस तास चालवायचे, दर आठ तासांनी त्यातला कागद बदलायचा. या कामाला जवळ राहणारा माणूस हवा होता. चाचांचे घर शाळेमागच्याच गल्लीत होते. हजेरीपटावर त्यांचे नाव चांगले लांबलचक होते, पण शाळेच्या शिपायापासून आमच्या विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत.

यंत्र म्हणजे उतरत्या छपराची पत्र्याची पेटी, माणसाच्या छातीएवढी उंच. गल्लीतल्या लोकांना आधी तो कबुतरखाना वाटला. हवेचे यंत्र आहे हे कळल्यावर चाचांना 'हवावाले' हे नाव पडले आणि एका सकाळी एक माणूस सायकल ढकलत शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. "हवावाले इथंच का? मागच्या चाकात भरून द्या." चाचांनी ही गोष्ट मला निदान दहा वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच वाक्य, "मी म्हटलं, मियाँ, आम्ही भरत नाही, काढून घेतो." पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर तर त्यांना बघून मुद्दाम थांबत. "काय चाचा, पाऊस कधी म्हणतंय तुमचं मशीन?" चाचा गंभीर चेहऱ्याने सांगत, "तू टँकर हळू चालव, मग विचारतो त्याला."

त्याआधी तीस वर्षे ते गुलमंडीच्या बाजारात घड्याळे दुरुस्त करत होते. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीलगत काचेची लहानशी पेटी, एक दिवा, डोळ्याला लावायचे भिंग. मग लोक मोबाइलमध्ये वेळ बघू लागले आणि चाचांची पेटी घरी गेली. भिंग आणि चिमटे मात्र त्यांनी नव्या कामावर आणले. आमचा कागद काचेच्या धाग्यांचा, पांढराशुभ्र, हाताचा घाम लागला तरी वजन चुकायचे. प्रयोगशाळेने दिलेला चिमटा त्यांनी पहिल्याच दिवशी परत केला. "हा भजी काढायचा आहे," म्हणाले. घड्याळातला केसाएवढा स्क्रू उचलणाऱ्या चिमट्याने ते कागदाचा कोपरा धरत, ओठांत बिस्मिल्ला म्हणत आणि कागद जाळीवर बसेपर्यंत श्वास रोखून धरत. एकदा मी मध्येच काही विचारले तर उत्तरच आले नाही. कागद बसला, झाकण लागले, मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "माझी हवा त्याच्यावर पडू नये, साब. आपल्याला शहराची पाहिजे, माझी नाय."

आठ तासांनी निघालेला कागद ते उन्हाकडे धरत आणि पत्र वाचावे तसा वाचत. तांबूस छटा म्हणजे मुरमाचा रस्ता. काळा, तेलकट डाग म्हणजे छावणीच्या वळणावर दम खाणारे ट्रक. पिवळट भुकटी म्हणजे कुठेतरी ज्वारीची मळणी, पण त्या वर्षांत ती कमीच. सलग दुसऱ्या दुष्काळात त्यांना कागदावर एक नवा रंग सापडला, गडद राखाडी, बोटाला लावली तर पावडरसारखी मऊ. "ही शेतातली काळी माती," ते म्हणाले. "पाणी नाही म्हणून बसून राहिली नाही बिचारी. शहरात आली कामाला." दुपारच्या उन्हात त्या कागदाआडून त्यांचा चेहरा अंधुक दिसत होता. मी हसलो होतो. आज ते वाक्य आठवले की हसू येत नाही.

आणि एक पाटी होती. शाळेतल्या मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची. चाचांनी ती आपल्या दाराशेजारी खिळ्याला अडकवली होती. महिन्याचा आकडा आमच्याकडून कळला की ते तिच्यावर खडूने फक्त एक शब्द लिहीत, 'ठीक' किंवा 'खराब'. आकडा का लिहीत नाही, असे मी विचारले तर म्हणाले, "घड्याळ दुरुस्त करून दिलं की गिऱ्हाईक विचारतं, आता चालेल ना? त्याला चक्रं मोजून कोण दाखवतं?" गल्लीला त्या पाटीची सवय झाली. बायका त्यावरून कुरडया कधी घालायच्या ते ठरवत. खोकला झालेल्या पोराला पटांगणात पाठवायचे की नाही, तेही. महिन्यापूर्वीच्या हवेवरून आज कुरडया घालण्यात काही अर्थ नाही, हे मी एका बाईंना समजावायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या हो. चाचांनी लिहिलंय."

आता मला जे लिहायचे आहे, ज्यासाठी खरे तर हे सगळे लिहायला बसलो, त्याकडे येतो.

यंत्रात एक लहान मीटर होता. यंत्र प्रत्यक्ष किती तास चालले ते तो दाखवायचा. हे तास महत्त्वाचे असतात. कागदावर बसलेल्या धुळीचे वजन करायचे आणि तेवढ्या वेळात किती हवा आत ओढली त्याने भागायचे, म्हणजे हवेत धूळ किती ते कळते. हवा किती ओढली ते तासांवर ठरते. त्या वर्षी पावसाळा कोरडाच सरत आला तसे लोडशेडिंग वाढले आणि विजेच्या चढउतारात तो मीटर जळाला. नवा मागवला, आला नाही. चाचा म्हणाले, "मी आहे ना." यंत्र चालू असायच्या दिवशी ते गच्चीच्या जिन्यावर, सावलीच्या तुकड्यात, मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून बसू लागले. वीज गेली की खिशातली डायरी काढून वेळ लिहायची, आली की लिहायची. सेकंदांसकट. महिन्याच्या शेवटी त्यांच्या बारीक, टोकदार अक्षरातली पाने ते मला उतरवून देत.

मी ती पाने फाइलला लावत होतो. आणि कॉम्प्युटरवर आमचा जो तक्ता होता त्यात फक्त धुळीचे वजन भरत होतो. तासांच्या रकान्यात कुणीतरी पूर्वीच 'आठ' घालून ठेवले होते, सगळ्या ओळींना. तिकडे माझे लक्षच गेले नाही. यंत्र पाच तास चाललेले, आणि मी त्याला आठ तासांच्या हवेने भागत होतो. धूळ पाच तासांची, हवा आठ तासांची. वीज जितकी जास्त जायची, तितकी शहराची हवा माझ्या कागदावर स्वच्छ होत जायची.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी चाचांनी कागद उन्हाला धरला, उलटून पुन्हा धरला. मग म्हणाले, "जोशीसाब, कागद कोळशासारखा आणि आकडा दुधासारखा. असं कसं?"

"हवेत चढउतार असतात, चाचा."

"ते असतात. पण माझे तास लावता ना?"

"लावतो की."

त्या क्षणी मला खरेच वाटत होते की लावतो. दुपारी प्रयोगशाळेत येऊन सहज तक्ता उघडला आणि तो रकाना पाहिला. आठ, आठ, आठ. वरून खालपर्यंत. मला आठवते, खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती आणि मी तिच्याकडे बघत बसलो होतो. चार महिन्यांचे अहवाल गेले होते. पुढच्याच महिन्यात माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत होती. घरी निवृत्त कारकून असलेले वडील रोज जेवताना एकच प्रश्न विचारत होते, "झालास का कायम?" चार महिन्यांचे अहवाल चुकले, असे विभागप्रमुखांना सांगणे म्हणजे तो प्रश्न कायमचा मिटवणे. मी स्वतःला सांगितले, मुलाखत होऊ दे, मग दुरुस्त करू. पुढच्या महिन्याचा तक्ता भरताना हात त्या रकान्यापाशी थांबला. आताच तास खरे लावले तर आकडा एकदम उडी मारेल आणि कुणीतरी विचारेल, ही उडी कसली? मी 'आठ' तसेच ठेवले. ही चूक नव्हती.

पुढच्या वेळी चाचांनी पुन्हा विचारले, "लावले ना तास?" मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "लावले." त्यांनी मान डोलावली. घड्याळवाल्याने दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवला. दाराशेजारच्या पाटीवर 'ठीक' हा शब्द त्या महिन्यातही राहिला.

मी कायम झालो. आईने पेढे वाटले. चाचांच्या घरीही मीच नेऊन दिले.

चाचींना दमा होता. पूर्वी तो थंडीत दोन-चार दिवस त्रास देई, तेवढेच. त्या वर्षी फाल्गुनापासूनच त्या अंगणातल्या बाजेवर पाठीला उशी लावून बसलेल्या दिसू लागल्या. शाळेसमोरचा रस्ता रुंद करायला घेतला होता, दिवसभर खडी उतरे, टँकर जात-येत, आणि सगळी धूळ चाळून त्या अंगणात पडे. त्यांचा श्वास शिटीसारखा वाजे. तरी जिभेची धार कमी नव्हती. मला बघितले की नवऱ्याकडे हातातल्या पंख्याने खूण करून म्हणत, "देखो साब, इनको मेरी सांस पे भरोसा नै. कागद पे है."

"बेगम, कागद खोटं बोलत नाही," चाचा म्हणत.

"और मैं बोलती?"

"तू घाबरतीस. घाबरणं वेगळं."

एप्रिल सरता सरता एका दुपारी मी महिन्याचा अहवाल घेऊन गेलो तेव्हा दारात चाचींचे भाऊ उभे होते. ते खुलताबादला राहत. तिकडे घाटावर हवा चांगली, बहिणीला दोन महिने नेतो, म्हणून आले होते. कापडी पिशवी भरून बाजेवर ठेवलेली होती. एसटीची वेळ होत आली होती. चाचा मात्र अडून बसले होते. नळाला पाचव्या दिवशी पाणी येई, तेही तासभर, आणि ते कधी येईल त्याचा नेम नसे. चाचा गच्चीवर असताना पाणी आले तर भरणार कोण? शिवाय, हे ते बोलले नाहीत पण दिसत होते, त्या माणसाला बायकोशिवाय घरात करमत नसे. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा, साब आलेच. यांना विचारू. जोशीसाब, तुम्ही सांगा. आकडा काय म्हणतो? पाठवू का हिला?"

तिघेही माझ्याकडे बघत होते. अहवाल माझ्या हातात होता. त्यातली प्रत्येक ओळ खोटी आहे हे फक्त मला माहीत होते. त्या एका वाक्यात मी सगळे सांगू शकलो असतो. सांगायचीही गरज नव्हती. 'जाऊ द्या त्यांना' एवढेच म्हटले असते तरी पुरले असते. पण कागद एक म्हणतो आणि जोशीसाब दुसरे का म्हणतात, असे चाचा नक्की विचारणार, ही भीती माझ्या जिभेच्या आधी उठली.

मी म्हणालो, "आकडा मर्यादेत आहे, चाचा."

"ऐकलं?" चाचा मेहुण्याकडे वळले. मेहुणे म्हणाले, "आता साबच म्हणतात तर काय बोलायचं."

चाची माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. श्वास गोळा करून त्या हळू म्हणाल्या, "साब, तुम कागद देखे. मेरेकू देखो ना."

मी अहवालाची घडी घातली, चहा नको म्हटले आणि निघालो. अंगणाबाहेर पडताना वळून पाहिले तेव्हा चाचा पिशवीतले कपडे काढून परत आत नेत होते. पाटीवर खडूने 'ठीक' लिहिलेले होते.

मे महिन्यात, यंत्र चालू असलेल्या एका दिवशी, मी गच्चीवर गेलो तर जिना रिकामा. शिपाई म्हणाला, चाचींना सकाळी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलेय. मी गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर चाचा डायरी मांडीवर घेऊन बसले होते, भिंग डोळ्याला लावून. मला वाटले, बिचारा सवयीने आजच्या विजेच्या वेळा लिहितोय. मी शेजारी बसलो. त्यांनी डायरी मिटून खिशात घातली. "ऑक्सिजन लावलाय," एवढेच बोलले. त्या दिवशी त्यांनी किल्ल्याबद्दल काही सांगितले नाही आणि माझ्याकडे बघितलेही नाही. मी समजलो, काळजीमुळे.

चाची वाचल्या, पण चालताना त्यांना अर्ध्या गल्लीत थांबावे लागू लागले. महिनाभरात चाचांनी घर आवरले आणि ते दोघे खुलताबादला गेले. निरोप द्यायला मी गेलो तेव्हा पाटी खिळ्यावरच होती, पुसलेली, कोरी. चाचांनी मला यंत्राच्या पेटीची किल्ली दिली, आणि एका रुमालात बांधलेल्या तीन डायऱ्या.

"यात सगळे तास आहेत," म्हणाले. "लागले तर असू द्या."

मी त्या घेतल्या. सहा वर्षे कपाटात ठेवल्या.

चाची दोन वर्षांनी गेल्या, हे मला शाळेच्या शिपायाकडून कळले. त्या उन्हाळ्यामुळेच गेल्या, असे कुणी सिद्ध करू शकणार नाही. वय होते, चुलीच्या धुरात गेलेली वर्षे होती, आधीचा आजार होता. आमच्या शास्त्रात एका माणसाच्या श्वासाचा दोष एका उन्हाळ्याच्या धुळीवर ठेवता येत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो आणि ते खरे आहे. पण त्या खऱ्याच्या आडोशाला मी किती दिवस लपलो, हे मलाच माहीत. हवा काय करील ते मला कळले नसते. त्यांनी मला विचारले होते आणि मी काय उत्तर दिले, ते मात्र कळत होते.

एकदा माझी धाकटी मुलगी शाळेत निघाली होती. मोबाइलवर आता हवेचा आकडा दिसतो, रंगासकट. तिने तो बघून विचारले, "बाबा, हे खरं असतं का?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडले आणि 'चल, उशीर होतोय' म्हणालो. त्या रविवारी कपाटातला रुमाल सोडला. डायरीतले तास एकेक करून तक्त्यात घातले. वजने तीच, फक्त भागणारा आकडा खरा. एप्रिलच्या ओळींवर आलो तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. हिवाळ्यानंतरचा एकही महिना मर्यादेत नव्हता. शेवटच्या डायरीत मे महिन्याच्या पानावर, विजेच्या वेळांच्या खाली, त्याच टोकदार अक्षरात एक गणित केलेले होते. माझा एप्रिलचा आकडा. गुणिले आठ. भागिले पाच. खाली उत्तर, आणि त्याखाली भिंगातून बघावी इतकी बारीक रेघ.

दवाखान्याच्या बाकावर ते हे करत होते.

मी दुसऱ्याच दिवशी खुलताबादला गेलो. मेहुण्यांच्या घराच्या मागच्या ओट्यावर चाचा बसले होते, खूप बारीक झालेले. समोर जमीन संपत होती आणि खाली उतार सुरू होत होता. तिथून किल्ला दिसत होता, पण पाठीकडून, आणि त्याच्याही पलीकडे दूर खाली आमचे शहर असायला हवे होते. मी सगळे सांगितले. मुलाखत, रकाना, एप्रिलची दुपार. मधे एकदाही त्यांनी मला थांबवले नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी शेवटी म्हणालो. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. डायऱ्या दिल्या तुम्हाला." ते थोडे हसले. "सहा वर्षं लागली. लई मागं चालतं साब तुमचं घड्याळ."

"चाचींना..."

"तिला नाही सांगितलं. ती शेवटपर्यंत मला म्हणायची, कागदाचा गुलाम. मी म्हटलं, असू दे. विचारलं मी होतं, पिशवी रिकामी केली मी होती. तिनं तर सांगितलं होतं, मला बघा म्हणून. मी तरी कुठं बघितलं?"

मी माफी मागितली. त्यांनी हाताने ती बाजूला केली, ताटावरची माशी उडवावी तशी. "ती माझ्याकडं कुठं आहे? मीच मागत असतो रोज." खालून वारा येत होता. ते म्हणाले, "तास लावा, जोशीसाब. जिथं पाठवले होते तिथं परत पाठवा. आणि एक प्रत इकडं आणा."

लावले. नवे विभागप्रमुख म्हणाले, "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढताय? कोण वाचणार आहे?" मी म्हणालो, एक जण आहेत. कार्यालयातून चौकशी झाली, माझ्या सेवापुस्तकात एक शेरा आला, आणि जुन्या अहवालांना दुरुस्तीची पाने जोडली गेली. इतकेच झाले. रस्ता केव्हाच रुंद होऊन गेला होता.

प्रत घेऊन गेलो तेव्हा चाचांनी ती घरात वाचली नाही. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते मला दोन शेतांपलीकडे, कडुनिंबांच्या सावलीतल्या लहानशा कबरस्तानात घेऊन गेले. मातीच्या एका उंचवट्यापाशी बसले. खिशातून भिंग काढले, डोळ्याला लावले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले, हळूहळू, एकेक तारीख, तास आणि आकडा. मी जरा लांब उभा होतो. पाने उलटताना त्यांचा आवाज निंबाच्या पानांत मिसळून जाई आणि पुन्हा वर येई. एप्रिलच्या पानावर ते थांबले. बोटाने ओळ धरली. "आठ नव्हते, बेगम," ते म्हणाले. "पाचच होते. तू सही थी." मग पुढे वाचायला लागले. शेवटच्या ओळीपर्यंत.

परतताना ते ओट्यावर टेकले. ऊन कलले होते. किल्ला सोनेरी झाला होता आणि त्याच्यामागे खाली सगळे मातकट, एकसारखे, कुठे जमीन संपते आणि कुठे आभाळ सुरू होते ते न कळणारे. चाचांची नजर आता तितक्या लांब पोचत नव्हती. त्यांनी सवयीने कपाळावर आडवा हात धरला आणि मला विचारले,

"साब, शहर आलं का आज?"

मी बघितले. डोळे चोळून पुन्हा बघितले. जिथे मी राहतो, जिथे माझी मुलगी त्या वेळी शाळेतून परत येत असणार, तिथे काहीच दिसत नव्हते.

"नाही आलं, चाचा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खिशातून एक नवी डायरी काढून माझ्यापुढे धरली. मी मनगटावरचे घड्याळ बघितले आणि वेळ लिहिली.